नामांकित कॉलेजच्या अर्जासाठी अभ्यासेतर उपक्रम कसे निवडायचे? गोव्यातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

"बाहेरच्या कॉलेजांना नुसते मार्क चालत नाहीत, ॲक्टिव्हिटी लागतात" हे वाक्य एकदा घरात शिरलं की महिन्याभरात मुलगी कीबोर्ड, कराटे, पब्लिक स्पीकिंग आणि कोडिंग अशा चार क्लासांना एकदम जाऊ लागते. दोन वर्षांनी हातात लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रांची जाड फाईल असते आणि अर्जात लिहायला मात्र फारसं काही नसतं. हा लेख त्या चार क्लासांची फी भरण्याआधी वाचायचा आहे. नववी ते अकरावीची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बारावीत पोचलेल्यांनी पहिली पायरी वाचून थेट चौथीवर जायला हरकत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गोव्यातल्या बऱ्याच मुलांकडे अर्जात शोभेल असा उपक्रम आधीपासून असतो. तो देवळाच्या मंडपात, कुळागरात किंवा वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यावर असतो, म्हणून त्याला कुणी उपक्रम म्हणत नाही.

पहिली पायरी: कॉलेज हे मोजतं का, ते पाहा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी. फर्मागुडीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, झुआरीनगरचं बिट्स, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज यांचे दरवाजे प्रवेशपरीक्षेने उघडतात. जेईई, बिटसॅट किंवा नीट हेच तुमचं लक्ष्य असेल, तर नाटक-फुटबॉल आनंदासाठी जरूर करा, अर्जासाठी म्हणून काही करू नका. अपवाद आहेत, पण चिंचोळे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी शाखेत २ जादा जागा ठेवल्या. त्यासाठी मोठ्या पातळीवरची क्रीडा कामगिरी तर हवीच, शिवाय जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नावही लागतं. गणित ऑलिम्पियाडमध्ये राष्ट्रीय फेरीपर्यंत मजल मारलेल्यांचा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट वेगळा विचार करते. म्हणजे गणिताची खरी ओढ असलेल्या मुलाने आयओक्यूएम ही पहिली परीक्षा आठवी-नववीपासून द्यावी. तिथे उपक्रम आणि अभ्यास एकच होतात.

दिल्ली विद्यापीठाचा मामला वेगळा. तिथे खेळ आणि कला-वक्तृत्वादी उपक्रमांसाठी जादा जागांचा कोटा आहे. सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते, शिवाय प्रमाणपत्रं तपासतात आणि चाचणी घेतात. संगीत, नृत्य, नाट्य, वादविवाद, क्विझ, एनसीसी, एनएसएस असे प्रकार ठरलेले आहेत. तुमचा प्रकार त्या यादीत बसत नसेल तर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आणि हो, इथे मात्र ती फाईल कामाला येते.

अशोका, अझीम प्रेमजी यांसारख्या खाजगी विद्यापीठांत चाचणीबरोबर मुलाखतही असते. अर्जातून, बोलण्यातून माणूस कसा आहे हे पाहिलं जातं.

इंग्लंडबद्दल आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज. ऑक्सफर्ड-केंब्रिजला तुमचा तबला, तुमची कप्तानी यांत फारसा रस नसतो. त्यांना तुमचा विषय हवा असतो, आणि अभ्यासक्रमाबाहेर त्या विषयात तुम्ही काय वाचलं, काय करून पाहिलं ते हवं असतं. याला ते 'सुपरकरिक्युलर' म्हणतात. यूकास या तिथल्या सामाईक अर्जयंत्रणेतलं निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय, तिन्ही मिळून ४००० अक्षरं. शिक्षणाबाहेर काय केलं हा त्यांतला शेवटचा प्रश्न, तोही 'ते उपयोगी का' या शेपटासकट.

उरली अमेरिका. उपक्रमांना सर्वांत जास्त वजन तिथल्याच निवडक कॉलेजांत आहे, आणि पुढचा लेख मुख्यतः त्या अर्जाला धरून आहे. बहुतेक कॉलेजं 'कॉमन ॲप' हा अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज वापरतात. त्यात नववी ते बारावीचे जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वतंत्र अर्जात उपक्रम, बक्षिसं, नोकरी सगळं मिळून २० नोंदी मावतात. एमआयटीचा अर्जही स्वतंत्र असतो आणि तिथे फक्त ४ उपक्रमांना जागा असते. चार! जगातल्या सर्वांत अवघड कॉलेजांपैकी एक चारावर थांबतं, हे चार क्लास एकदम लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

(पैशांची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून एवढंच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी काही मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला निवडताना त्याची ऐपत बघत नाहीत. बाकी बहुतेक बघतात. यादी करताना हे आधी तपासा.)

दुसरी पायरी: आठवडा कुठे जातो ते लिहा

कुठला क्लास लावायचा हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि साधा आठवडा लिहून काढा. शाळा आणि ट्युशन सोडून वेळ कुठे गेला? मग सणासुदीचे, जत्रेचे, सुट्टीचे दिवस वेगळे लिहा, कारण गोव्यातलं आपलं निम्मं काम मोसमी असतं.

या वहीत काय काय निघतं, पाहा. फोंडा तालुक्यातली मुलगी रोज संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं करते. पेडण्याचा मुलगा दशावतारी मंडळाबरोबर पेटी वाजवायला जातो. डिचोलीत कुणी धाकट्या भावंडांना शिकवतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी आईबरोबर मिरच्या आणि कोकम विकायला बसतं. जत्रेच्या नाटकात कुणी काम करतं, कुणी पडद्यामागे प्रकाशयोजना सांभाळतं. कुणी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवतं. शाळेच्या 'ॲन्युअल डे'ला निवेदन केलेलं मात्र सगळ्यांना आधी आठवतं!

कॉमन ॲपमध्ये उपक्रमाचा प्रकार निवडायची यादी असते. तिच्यात 'पगारी काम' आणि 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हे दोन्ही प्रकार आहेत. आजीची सेवा, दुकान, भावंडांना सांभाळणं हे सगळं अधिकृतपणे लिहिता येतं. आपल्याकडची मुलं ते लिहायला लाजतात आणि त्या जागी दोन दिवसांच्या 'लीडरशिप कॅम्प'चं नाव टाकतात. अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या दिवसात रिकामा वेळ किती होता हे कळायला हवं. रोज तीन तास दुकानात बसणाऱ्या मुलाकडून तो डिबेट क्लबच्या अध्यक्षपदाची अपेक्षा धरत नाही, पण दुकानाबद्दल त्याला कुणी सांगितलंच नाही तर त्याला फक्त रिकामी जागा दिसते.

पालकांना एक सांगणं. 'हे काय लिहायचं, लोक काय म्हणतील' असं म्हणून वहीतल्या ओळी खोडू नका.

तिसरी पायरी: दोन निवडा आणि खोल जा

यादीतून दोन, फार तर तीन गोष्टी निवडा. निवडताना स्वतःला विचारायचं ते एवढंच: कुणी प्रमाणपत्र दिलं नाही तरी मी पुढच्या वर्षी हे करीन का? आणि यात मी अजून काय करू शकतो? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर ती गोष्ट सोडा.

खोल जायचं म्हणजे काय, ते घुमट या मातीच्या वाद्याच्या उदाहरणाने सांगतो. चतुर्थीत घुमट आरतीला बसणारी मुलं गावोगावी आहेत. समजा, त्यांतल्या एकाला फिजिक्स आवडतं. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्याच्या मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवायचे. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं आणि शेळीचं कातडं आलं. जुनी माणसं म्हणतात, पूर्वीचा नाद गेला. खरंच गेला का? फोनवरच्या फुकट ॲपने आवाजाचा आलेख काढता येतो. मातीच्या भांड्याच्या लहान तोंडावर तळहात उघडझाक केला की स्वर बदलतो, तो किती बदलतो हे मोजता येतं. कुंभाराकडून तीन वेगळ्या आकारांची भांडी आणून तुलना करता येते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मृदंग-तबल्याच्या स्वरांवर शोधनिबंध लिहिला होता, म्हणजे वाट मळलेली आहे. तोच मुलगा पुढच्या चतुर्थीआधी वाड्यावरच्या लहान मुलांना घुमट शिकवू लागला तर अर्जातला हा एक उपक्रम संगीत, विज्ञान आणि शिकवणं अशी तीन अंगं घेऊन उभा राहतो. इंग्लंडच्या अर्जात त्यातला फिजिक्सचा भाग वापरायचा, अमेरिकेच्या अर्जात सगळा.

वनस्पतिशास्त्राकडे कल असलेल्यांसाठी माटोळी आहे. चतुर्थीला गणपतीवर बांधायला रानातून जी फळं-फुलं-वेली आणतात, त्यांची स्थानिक नावं अजून आजोबा-आजींना ठाऊक आहेत. फोटो, नाव, कुठे सापडलं, पूर्वी किती मिळायचं, आता किती, अशी नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत गेलं की ती जगभरातल्या जाणकारांच्या नजरेखालून जाते आणि चूक असेल तर दुरुस्तही होते. जैवविविधता कायद्यानुसार पंचायत पातळीवर समिती असते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या पंचायतीत ती कुठल्या अवस्थेत आहे हे सचिवांना विचारा. अशा नोंदी त्यांनाही हव्या असतात.

अर्थशास्त्र घ्यायचं असेल तर नाटक मंडळाचा हिशेब घ्या: वर्गणी, मंडप, प्रकाश, रंगभूषा, बाहेरून बोलावलेली नटी, संगीतसाथ. पाच वर्षांचे जुने कागद मिळाले तर उत्सवी रंगभूमीचा खर्च कुठे वाढला हे दिसतं. इंजिनिअरिंग किंवा पर्यावरणासाठी खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनी आहेत. भरती-ओहोटीबरोबर मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणारी) दारं कशी चालतात, बांध फुटला की शेतात खारटपणा किती चढतो, हे पाहायला फक्त गमबूट आणि थोडी चिकाटी लागते. पक्ष्यांची आवड असेल तर पक्षीनोंदींचं ईबर्ड ॲप आणि चोडणचं सालिम अली अभयारण्य. तारे पाहायचे असतील तर पणजीतली असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी. इतिहासासाठी पणजीच्या पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय आणि पर्वरीचं झेवियर सेंटर. शास्त्रज्ञांशी बोलायचं असेल तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. नेमका प्रश्न विचारणारं चार ओळींचं पत्र लिहा. 'मला इंटर्नशिप द्या' एवढंच लिहिलेल्या पत्राला बहुधा उत्तर येत नाही.

एका विषयाचं हत्यार दुसऱ्या विषयात चालवणं आपल्या मातीत नवं नाही. शंकवाळच्या धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर १९२९ साली हार्वर्डमधून पदवीधर झाले आणि पुढे गणिताच्या या माणसाने जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी तराजूत तोलून संख्याशास्त्राच्या आधारे प्राचीन इतिहासाकडे पाहिलं. नाणी तोलण्याचा क्लास तेव्हाही नव्हता.

खेळाबद्दल थोडक्यात. शाळेच्या संघात फुटबॉल खेळणं हा चांगला उपक्रम आहे, तसा लिहा. अमेरिकन कॉलेजच्या संघासाठी निवड होणं ही वेगळीच वाट आहे. तिथे प्रशिक्षकांना खेळाचे व्हिडिओ पाठवून बऱ्याच आधीपासून बोलणी करावी लागतात, आणि आयव्ही लीगमधली (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे) कॉलेजं खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत.

चौथी पायरी: नोंद ठेवा

कॉमन ॲप प्रत्येक उपक्रमासाठी आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारतं. बारावीत बसून हे आठवणं अशक्य असतं, मग मुलं '१० तास, ५२ आठवडे' ठोकून देतात. वर्षातले बावन्नही आठवडे दशावतार होत नाही हे गोव्याबाहेरच्या माणसालाही कळतं. जत्रेच्या नाटकाची तालीम दोन महिने असेल तर '१० तास, ८ आठवडे' असं खरं लिहा, त्यात कमीपणा काही नाही. सगळ्या उपक्रमांचे तास जोडून बघा. शाळा, ट्युशन आणि झोप वगळून तेवढे तास उरतच नसतील तर बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडतो.

महिन्यातून एकदा फोनमध्ये चार ओळी लिहायच्या: काय केलं, किती वेळ, कुणाला उपयोग झाला, काय फसलं. फोटो, ध्वनिमुद्रणं, हिशेबाचं पान एका फोल्डरमध्ये. बारावीत आलेल्यांनी आज बसून मागचं आठवून काढावं, आईवडिलांना आणि मंडळातल्या लोकांना विचारून तारखा पक्क्या कराव्यात.

पाचवी पायरी: १५० अक्षरांत लिहा

इथे चांगले चांगले उपक्रम मरतात. कॉमन ॲपमध्ये पदासाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५०, मोकळ्या जागा धरून. कॅलिफोर्नियाच्या अर्जात वर्णनाला ३५० मिळतात. अर्ज इंग्रजीत असतो, पण आधी मराठीत लिहून पाहा, खोटेपणा लगेच दिसतो.

"भजनी मंडळात उत्साहाने सहभाग, त्यातून संघभावना व नेतृत्वगुण विकसित झाले, संस्कृतीचं जतन केलं." हे हजार मुलांना लागू पडतं. आता हे पाहा: "पखवाज साथ. दर रविवारी ६ नव्या मुलांना ताल शिकवले. ज्येष्ठांकडून ऐकून ४० जुन्या चाली ध्वनिमुद्रित केल्या, वहीत उतरवल्या." स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही, आणि मुलगा डोळ्यांसमोर उभा राहतो. क्रियापद आणि आकडा ठेवा, विशेषणं काढा. 'शिकलो', 'समजलं', 'जाणीव झाली' ही क्रियापदं निबंधासाठी राखून ठेवा. त्याला ६५० शब्द आहेत.

स्थानिक शब्दाला एक-दोन शब्दांची ओळख द्या. 'घुमट' असं नुसतं इंग्रजी लिपीत लिहिलं तर तिकडच्या वाचणाऱ्याला ते वाद्य आहे की गाव, कळणार नाही. 'मातीचं चर्मवाद्य' एवढं पुरेसं आहे.

क्रमही महत्त्वाचा. सगळ्यात जीव लावलेलं काम सर्वांत वर, मग ते आजीची सेवा का असेना. दहाच्या दहा जागा भरायची सक्ती नाही. सहा भरून थांबलेला अर्ज, शेवटी चार भरती घातलेल्या अर्जापेक्षा बरा वाचला जातो. बक्षिसांसाठी ५ ओळी वेगळ्या असतात, तिथली बक्षिसं वर पुन्हा लिहून अक्षरं वाया घालवू नका.

सहावी पायरी: विकत मिळणाऱ्या गोष्टींना नाही म्हणा

यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. पैसे भरले की सगळ्यांनाच 'आंतरराष्ट्रीय' पदक देणाऱ्या परीक्षा, नाव मोठ्या विद्यापीठाचं पण निवड कुठलीच नसलेले उन्हाळी कोर्स, तीन महिन्यांत 'शोधनिबंध' छापून देणारे सल्लागार, आणि अकरावीत काढून बारावीनंतर बंद पडणाऱ्या 'एनजीओ'. अर्ज वाचणारी माणसं अशा गोष्टी दरवर्षी ढिगाने पाहतात. मुलाखतीत त्या निबंधातला एक आलेख समजावून सांगा म्हटलं की बिंग फुटतं. तेवढ्या पैशांत दोन वर्षं दर महिन्याला पुस्तकं येतील.

एक मात्र खरं. गावात आधीच काम करणारी संस्था, वाचनालय किंवा महिला मंडळ असेल तर नवं काढण्यापेक्षा तिथे जाऊन एक तुंबलेलं काम हातात घ्या. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी संगणकावर आणणं हे काम गोव्यातल्या कितीतरी गावांत अजून कुणीतरी करायची वाट पाहतंय.

सातवी पायरी: शिफारसपत्र आणि तारखा

शिक्षकाच्या शिफारसपत्रात वर्गातलं येतं, उपक्रमातलं त्याला आपोआप ठाऊक नसतं. सरांना किंवा बाईंना भेटून तुमच्या नोंदींतलं एक पान द्या, निदान महिनाभर आधी. कॉमन ॲप शाळेच्या काउन्सेलरकडूनही माहिती मागतं. तुमच्या हायर सेकंडरीत तसं पद नसेल तर प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेले शिक्षक ते भरू शकतात. त्यांनी हा फॉर्म कधी पाहिलेला नसण्याची शक्यता धरून त्यांच्याबरोबर एकदा बसा. चतुर्थीच्या सुट्टीआधी बसलात तर उत्तम, नंतर सहामाही आणि बोर्डाची धांदल सुरू होते.

कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. लवकरच्या फेरीची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. तिथली मुदत साधारणपणे अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार धरतात, म्हणजे आपल्याकडची रात्री ११:५९. यूकासचं तसं नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलसाठी १५ ऑक्टोबर, लंडनची संध्याकाळ ६, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. १ जानेवारीची मुदत असलेला अर्ज नाताळाच्या आत पाठवून मोकळे व्हा. ३१ डिसेंबरच्या रात्री कळंगुट-बागा पट्ट्यात फोनला रेंज मिळत नाही, आणि सबमिट केल्यावर आलेली पावती उघडून एकदा वाचायलाही वेळ हवा.